ताईच्या नंबरचा चष्मा

४ जून

चि. धाकटीस,

आज दुकान दहाला उघडलं. सकाळी एक मोडलेली दांडी दुरुस्तीला आली. दुपारी एक मुलगी आईबरोबर पहिला नंबर काढायला आली आणि चष्मा लागला म्हणून आनंदाने उड्या मारत गेली. आई रडकुंडीला आली होती. संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो. सकाळचंच गरम करून जेवलो.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. फोन उचलत नाही म्हणून तू रागावलीस, ते बरोबर आहे. घरचा फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि तुझी ताई गेल्यापासून मी त्या खोलीत फारसा जात नाही. वाजतो तेव्हा ऐकू येतं. पत्राचं तसं नाही. ते दुकानात बसून लिहिता येतं, म्हणून लगेच लिहितो आहे.

विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाचं पत्र मलाही आलं. संघाच्या इथल्या विभागप्रमुखाची जागा तुझी ताई गेल्यामुळे रिकामी झाली, तिच्यासाठी जुलैअखेर निवडणूक आहे, निवडणूक अधिकारी म्हणून तुझी नेमणूक झाली आहे, असं त्यात आहे. अभिनंदन म्हणावं की नाही ते कळत नाही.

तू लिहिलंस की मीच उभं राहावं. ते जमणार नाही. मी त्याच विद्यापीठाचा, हे खरं आहे. पण सभेत ती बोलायची आणि मी खुर्च्या मांडायचो. मला खुर्च्या मांडता येतात.

उभे दोघं आहेत. एक आपले प्राचार्य, निवृत्त झाल्यापासून भाषणाला सभागृह शोधत असलेले. दुसरे स्टेशनजवळचे हॉटेलवाले, तुझ्या ताईच्या वर्गातले. दोघांनीही माझ्याकडे परिचयपत्र मागितलं आहे. उमेदवाराने स्वतःबद्दल स्वतः लिहायचं नाही, ओळखीच्या सभासदाने एक पान लिहून द्यायचं, हा नियम तुझ्या ताईनेच आणला. प्राचार्यांनी पूर्वी एकदा स्वतःबद्दल पुस्तिका छापली होती, तेव्हापासून. तिचं पान दर वेळी मी लिहायचो, म्हणून लोकांना वाटतं की मला लिहिता येतं.

एक विचारायचं होतं. जो निवडून येईल त्याच्या घरी बाहेरच्या खोलीतलं विभागाचं सामान जातं ना? घडीच्या खुर्च्या, चहाची मोठी किटली, फाटकावरची पाटी. की काही दिवस इथे राहिलं तर चालतं?

भावजी

*

११ जून

ती. भावजी,

नमस्कार. अभिनंदन म्हणून टाका, फुकट मिळतंय ते घ्यावं. चार विभागप्रमुखांनी अंग काढून घेतलं आणि "धाकटी आहे ना" म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पंचावन्न वर्षांची झाले तरी या संघात मी धाकटीच. ताईची बहीण म्हणून पक्षपात करेन का, असा एकाने आक्षेपही घेतला. मी म्हटलं, ताई उभी असती तर नक्की केला असता.

तुम्ही उभं राहणार नाही हे मला ठाऊकच होतं. पण विचारलं नसतं तर ताईने मला सोडलं नसतं. आणि काय हो, "मला खुर्च्या मांडता येतात"? निम्म्या विभागप्रमुखांना तेवढंही येत नाही. आमच्याकडच्या मागच्या सभेत खुर्ची उघडताना आमच्या खजिनदाराचा अंगठा असा चिमटला की त्यांनी सगळा हिशेब उभ्याने वाचला.

सामानाचं विचारलंत. नियम कडक आहे: निकालानंतर आठवड्याच्या आत नव्या प्रमुखाकडे. नियम कुणाचा, हे विचारू नका, तुम्हाला माहीत आहे. ती बाई स्वतःच्या नियमांनी आपल्याला अजून पळवते आहे.

खोलीत जात नाही म्हणता. मग धूळ कोण पुसतं? किमान खिडकी उघडा, नाहीतर बुरशीचा वास धरेल.

आणखी एक. मतांची पाकिटं माझ्याकडेच येणार आहेत, तेव्हा मोजणी मी इथेच करून निकाल कळवते. उगाच तुम्हाला त्रास नको, चहापाणी नको, माणसांची ये-जा नको. सोयीचं पडेल.

परिचयपत्रं वीस तारखेच्या आसपास हवीत. आणि दोन्ही सारखीच गोड लिहा, नाहीतर मला लोक फोन करतील. मी फोन उचलते.

तुमची,
धाकटी

*

१९ जून

चि. धाकटीस,

खिडकी उघडली. वास नव्हता.

परिचयपत्रं सोबत पाठवतो आहे. दोन्हींवर उमेदवारांनी वाचून सही केली आहे.

माहितीसाठी म्हणून दोघांना दुकानात बोलावलं होतं. ते दोघे आले, पण माहिती मिळाली नाही. प्राचार्य म्हणाले, "आलोच आहे तर डोळेही बघा." त्यांनी तक्त्यावरची अक्षरं व्याख्यानासारखी वाचली. चौथी ओळ दिसेना, तर म्हणाले, "या ओळीकडे वळण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगतो." बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबली होती, ती निघून गेली. तुझी ताई अशा वेळी त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी धरायची. तोंडात बिस्कीट असताना ते बोलत नाहीत. माझ्याकडे बिस्किटं नव्हती.

हॉटेलवाल्यांचे डोळे उत्तम आहेत. तरी त्यांनी दोनदा तपासून घेतले. दुसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "तुमच्या दुकानात शांत वाटतं हो. आमच्याकडे भांडीच बोलतात." मग फ्रेम घालून आरशात स्वतःकडे पाहत राहिले. "विभागप्रमुख वाटतो का?" मी म्हटलं, "काचा बसवल्यावर सांगतो." ते खूप हसले. मी विनोद केला नव्हता.

दोघंही स्वतःबद्दल काही उपयोगाचं बोलले नाहीत. शेवटी मी आठवून लिहिलं.

प्राचार्यांचं असं आहे: "हे सभासदांचं म्हणणं मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकतात. सभेत जो गप्प बसला असेल त्याला शेवटी नावाने विचारतात, तुला काय वाटतं. नव्याने गावात आलेल्याला दोन ओळखीच्या माणसांच्या मध्ये बसवतात."

हॉटेलवाल्यांचं असं: "ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा सभासदांकडे हे दर रविवारी सकाळी जातात. जाताना काही नेत नाहीत, कारण नेलं की त्या माणसाला उठून ठेवावं लागतं. तब्येतीची चौकशी शेवटी करतात. आधी बातम्या सांगतात."

प्राचार्यांनी नवा चष्मा मिळायच्या आधीच सही केली. हॉटेलवाल्यांनी वाचलं, डोकं खाजवलं, म्हणाले, "असं करतो का मी? बरं. करत असेन." आणि सही केली.

भावजी

*

२७ जून

ती. भावजी,

खुर्चीत बसून वाचा.

तुमची पानं आली तेव्हा मी घाईत होते. दोन्ही सह्या बघितल्या, छापायला दिली, पाकिटात घालून विभागातल्या सगळ्यांना रवाना केली. काल संध्याकाळी निवांत चहा घेताना उरलेली प्रत वाचली. चहा गार झाला.

भावजी, प्राचार्य ऐकतात? मध्ये न बोलता? अहो, त्या माणसाने माझ्या लग्नात पाहुण्यांचे आभार मानायला माईक घेतला आणि पहिली पंगत उठली तरी सोडला नाही! आणि हॉटेलवाले रविवारी सकाळी आजाऱ्यांकडे? रविवारी सकाळी त्यांच्या हॉटेलात उभं राहायला जागा नसते. मी त्यांच्या बायकोला फोन करून आडून आडून विचारलं. ती म्हणाली, "वहिनी, हा माणूस मला ताप आला तरी वर येऊन बघत नाही. कुठलं पत्रक? मला एक पाठवा, भिंतीला लावते."

गप्प बसलेल्याला नावाने कोण विचारायचं? नव्या माणसाला मध्ये कोण बसवायचं? आजाऱ्याकडे हात हलवत जाऊन आधी गावभरच्या बातम्या कोण सांगायचं?

तुम्ही जन्मभर लोकांचे नंबर काढलेत आणि या दोघांना ताईच्या नंबरचा चष्मा चढवून दिलात.

हसत होते, मग थोडा वेळ हसले नाही.

आता अधिकारी म्हणून: छापलेलं मागे घेता येत नाही. लिहिणाऱ्याने "मजकूर चुकीचा" असं कळवलं तर दोन्ही अर्ज बाद होतात आणि निवडणूक पुढच्या वर्षी. तोवर सगळं आहे तिथे, आहे तसं. ठरवा तुम्ही. मी आपली वाट बघत पाकिटं मोजते.

धाकटी

*

९ जुलै

चि. धाकटीस,

उत्तर द्यायला उशीर झाला. तुझं पत्र दुकानाच्या खणात ठेवलं होतं, ते रोज काढून वाचत होतो.

मी जाणून खोटं लिहिलेलं नाही. कागद पुढे घेतला की विभागप्रमुख म्हणजे काय, हे मला एकाच रीतीने आठवतं. नावं तेवढी बदलली. हे मला तुझं पत्र वाचेपर्यंत कळलं नाही.

इकडे जे झालं ते सांगतो. पत्रकं पोचल्यावर हॉटेलवाल्यांना फोन सुरू झाले. टेकडीवरच्या बाई, ज्या भूगोल शिकवायच्या आणि आता अंथरुणाला आहेत, त्यांनी सरळ विचारलं, "रविवारी येता असं छापलंय. मग गेले कित्येक रविवार कुठे होतात?" हॉटेलवाले घाबरून त्याच रविवारी गेले. मला सोमवारी दुकानात येऊन म्हणाले, "काय लिहून ठेवलंत हो! रिकाम्या हाताने गेलो, तर म्हातारीने मला पत्त्यात हरवलं. वर म्हणते, पुढच्या रविवारी बदला घ्यायला या." मी म्हटलं, "गेला नाहीत तरी चालेल." ते म्हणाले, "चालेल कसं? हरलोय मी."

प्राचार्यांचा नवा चष्मा तयार झाला तेव्हा त्यांनी पत्रक पहिल्यांदा नीट वाचलं. दोनदा वाचलं. मग काही न बोलता पैसे देऊन गेले. मला काळजी वाटली. गेल्या शनिवारी वाचनालयात उमेदवारांची भेट ठेवली होती. तिथे ते हाताची घडी घालून बसले होते. कुणी बोलू लागलं की त्यांचे ओठ हलायचे, पण आवाज यायचा नाही. चेहरा लाल झाला होता. शेवटी एका कोपऱ्यातल्या मुलाला त्यांनी नावाने विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" नाव चुकलं होतं, पण मुलगा बोलला.

लोक मला म्हणाले, तुम्ही बरोबर ओळखलंत त्यांना. मला मान खाली घालावी लागली.

चूक झाली, ती कळवणं माझं काम आहे. दुकानात नंबर चुकला तर मी काच बदलून देतो. पण एक गोष्ट मनात आहे ती लपवत नाही. कळवलं तर खोली अजून वर्षभर आहे तशी राहील. त्यामुळे मी प्रामाणिकपणासाठी कळवतो आहे की खोलीसाठी, हे मलाच समजत नाही. तू सांग.

आणखी एक. नियमपत्रिका काढून पाहिली. मोजणी विभागाच्या कार्यालयातच व्हायला हवी, म्हणजे इथे, बाहेरच्या खोलीत. तू सोयीचं म्हणालीस. त्रास मला होईल असं लिहिलंस. फेब्रुवारीनंतर तू इकडे आलेली नाहीस.

भावजी

*

१५ जुलै

ती. भावजी,

पकडलंत. म्हणे गरीब स्वभावाचे! गप्प माणसं अशी कोपऱ्यात बसून सगळं बघत असतात.

हो. मला त्या खोलीत यायचं नाही. फेब्रुवारीत आले तेव्हा ती माणसांनी भरलेली होती म्हणून निभावलं. दारातून आत शिरलं की समोर ताई, डावा हात फोनवर, उजव्या हाताने "बस, बस" करणारी. आता समोर काय असेल ते मला बघायचं नाही. म्हणून नियम वाकवायला निघाले होते, आणि तेही तिचाच. कान पकडते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर अधिकारी म्हणून देता येत नाही. मेहुणी म्हणूनही नाही, कारण मलाही वर्षभर सगळं आहे तसं राहिलं तर हवंच आहे. तेव्हा आपण दोघंही या कामाला नालायक. ज्याचे डोळे स्वच्छ आहेत त्याला विचारा. एकदा रविवारी हॉटेलवाल्यांबरोबर जाऊन बघा तरी, ती काच बरोबर बसलीय की नाही. तुम्ही गिऱ्हाइकाला चष्मा दिल्यावर रस्त्यावर पाठवून विचारता ना, "ती पाटी दिसते का?" तसं.

आणि ताप आला तर वर येऊन बघत नाही म्हणणारी ती बायको, तिचा काल फोन आला. म्हणाली, "वहिनी, तुमच्या भावजींना म्हणावं, आता जरा घरच्या माणसांबद्दलपण एक पान लिहा."

धाकटी

*

२० जुलै

चि. धाकटीस,

काल रविवारी हॉटेलवाल्यांबरोबर टेकडीवर गेलो. त्यांनी दार वाजवलं. आतून बाईंचा आवाज आला, "उशीर केलात!" मला पाहून त्या म्हणाल्या, "तुम्ही पण का? बसा. यांना हरताना बघा." पत्ते आधीच पिसून ठेवले होते. हॉटेलवाल्यांनी आधी बाजाराच्या बातम्या सांगितल्या, त्यातल्या निम्म्या बनवलेल्या असाव्यात. निघताना दारात वळून विचारलं, "बाकी तब्येत काय म्हणते?" हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. पत्रकात होतं तेवढंच.

मी लिहिलं तेव्हा ते खरं नव्हतं. आता आहे. दुरुस्ती कशाची कळवणार? कळवत नाही.

मोजणीला ये. खोली झाडून ठेवतो. बिस्किटं आणून ठेवतो, प्राचार्य येणार आहेत.

भावजी

*

५ ऑगस्ट

चि. धाकटीस,

तू परत घरी पोचलीस हे शेजाऱ्यांकडून कळलं. तू त्यांच्याकडे फोन केलास, कारण माझ्यावर विश्वास नाही. पण आज सकाळी घरचा वाजला तो मी उचलला. चुकीचा नंबर होता. त्या गृहस्थांना सिमेंट हवं होतं. त्यांना सिमेंटच्या दुकानाचा पत्ता सांगितला, कोपऱ्यावरच आहे.

मोजणीच्या दिवशी लोकांसमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तू उंबऱ्यात थांबलीस आणि म्हणालीस, "भावजी, केर काय नीट काढलेला नाही." मी चांगला दोनदा काढला होता. पण मी केरसुणी तुझ्या हातात दिली आणि तू ती घेऊन आत आलीस. तिच्या जागी बसून पाकिटं फोडलीस. एकदा डाव्या हाताने फोन बाजूला सरकवलास आणि उजव्या हाताने मला म्हणालीस, "बसा, बसा." तुझ्या लक्षात आलं नसावं.

हॉटेलवाले निवडून आले याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. मतांत दुसरे आले म्हणून प्राचार्यांना चिटणीसपद मिळालं तेव्हा ते उठून उभे राहिले. सगळ्यांनी घड्याळं पाहिली. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, म्हणाले, "तुम्ही बोला," आणि बसले. तू टाळ्या वाजवल्यास. मी बशी पुढे केली होती, ती तशीच हातात राहिली.

काल हॉटेलवाले टेम्पो घेऊन आले. किटली नेली, पाटी मी काढून दिली. खुर्च्या त्यांनी एकेक उघडून तपासल्या, धंद्यातला माणूस आहे. एक खुर्ची बाजूला ठेवली आणि म्हणाले, "हिची बिजागरी खिळखिळी आहे. पाहुण्याचं बोट सापडायचं. ही राहू दे तुमच्याकडे."

ती तुझ्या ताईची खुर्ची. पाहुण्याचं बोट सापडू नये म्हणून ती स्वतः नेहमी तिच्यावर बसायची. दुरुस्त करतो म्हटलं तर म्हणायची, "राहू दे, मला तिची खोड माहीत आहे." लोकांना वाटायचं की प्रमुखांची म्हणून ती खास खुर्ची आहे. हे हॉटेलवाल्यांना सांगावं असं एकदा ओठांवर आलं. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग ही तुम्ही ठेवाच. म्हणून सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "नीट करून पाठवतो. विभागाची आहे."

ते म्हणाले, "अहो, घाई नाही. तुम्ही रविवारी येताय ना? तेव्हा आणा." मी हो म्हटलं.

आज दुकान लवकर बंद केलं. चष्म्याच्या दांड्यांचा बारीक पेचकस घरी आणला. तो लहान पडला, म्हणून स्वयंपाकघरातला मोठा घेतला. खोली आता मोठी दिसते आणि बोललं तर घुमते. खुर्ची खिडकीपाशी उजेडात आडवी ठेवली, जुना स्क्रू काढला, नवा बसवला, थेंबभर तेल सोडलं. उघडली, मिटली, परत उघडली. मग तिच्यावर बसून पाहिलं. धरते.

थोडा वेळ बसलो. मग ती मिटून, रविवारी विसरायला नको म्हणून, दाराशी टेकवून ठेवली आणि हात धुतले.

भावजी